गावातल्या मोठ्या वाड्याचा इतिहास कसा शोधायचा (मेणवलीचा वाडा समोर ठेवून)

बऱ्याच जणांना आपल्या गावातल्या देशमुखांच्या, इनामदारांच्या किंवा सरदारांच्या वाड्याबद्दल लिहायचं असतं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, मग "तीनशे वर्षं जुना", "चोरवाट थेट किल्ल्यावर निघते", "शिवाजी महाराज इथे मुक्कामाला होते" एवढ्यावर सगळं संपतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वाड्याला एक तारीख नसते, अनेक असतात. गाव किंवा जागा मिळाली ती एक, पाया घातला ती दुसरी, राहायला आले ती तिसरी, मग वाढवलेला चौक, लागलेली आग, सरकारने केलेली जप्ती, भावाभावांतल्या वाटण्या. या तारखा वेगळ्या काढून ओळीने मांडल्या की वाड्याचा इतिहास आपोआप उभा राहतो, आणि एकात एक मिसळल्या की दंतकथा होते.

उदाहरणाला वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा घेतोय. वाईपासून साधारण ३ किलोमीटर, कृष्णेच्या काठावर, सहा चौकांचा, पाठीमागे घाट आणि मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं. वाडा, घाट, देवळं असं अख्खं एकत्र टिकलेलं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं म्हणून शिकायला हा बेस्ट. तुमच्या गावचा वाडा छोटा असेल, दोनच चौकांचा असेल, पद्धत तीच.

आधी घरच्यांशी बोला, पण "इतिहास सांगा" म्हणू नका

इतिहास सांगा म्हटलं की लोक पाठ केलेलं बोलतात. त्यापेक्षा वाड्यातून फिरत फिरत विचारा, या खोलीला काय म्हणायचे, इथे कोण झोपायचं, बाळंतिणीची खोली कुठली, धान्याची बळदं कुठे होती, हा दरवाजा कधी बुजवला, देवघर आधी इथेच होतं का. खोलीतून खोलीत जाताना माणसाला आपोआप आठवतं. आणि प्लीज फक्त घरातल्या कर्त्या पुरुषांना विचारून परत येऊ नका. माहेरवाशिणींना विचारा, साठ सत्तर वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या आजींना विचारा, कारण त्या नवीन म्हणून घरात आल्या तेव्हा प्रत्येक गोष्ट त्यांना मुद्दाम समजावून सांगितली गेलेली असते आणि ती पक्की लक्षात राहते.

वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली कुटुंबं गावात असतात, गुरव, कुलकर्णी, रामोशी, सुतार, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या घरच्या, त्यांच्याकडे वाड्याची दुसरी बाजू असते. यात्रेत पालखी वाड्यासमोर का थांबते, पहिला नारळ कुणाचा, दसऱ्याचं सोनं कुणाकडून सुरू होतं, हे मान म्हणजे जुने हक्क असतात आणि बरेचदा त्यांच्यामागे कागदही असतो. तो मान कधी आणि कशामुळे बदलला हेही विचारा.

एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगून टाका की आपल्याला जमिनीच्या वादाशी काही घेणंदेणं नाही. प्रत्येक मोठ्या वाड्यात वाटणीचा एखादा दावा चालू असतो किंवा नुकताच संपलेला असतो, तुम्ही कागद मागितले की लोकांना वाटतं हा समोरच्या पार्टीचा माणूस आहे. काय छापणार, काय नाही, फोटो कुणाला दाखवणार हे आधीच बोलून घ्या, आणि बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा.

मग भिंती वाचा

कागद नसला तरी बांधकाम बोलतं. पेशवाईतल्या वाड्याचा साधारण नमुना म्हणजे खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर विटा आणि चुना, आत सागवानी सांगाडा, सुरूच्या झाडासारखे नक्षीचे खांब, महिरपी, कडीपाटाची तक्तपोशी. विटा पातळ आणि चपट्या असतात. ज्या भिंतीत जाड, साच्यातल्या एकसारख्या विटा दिसतील तो भाग नंतरचा, बहुतेक इंग्रजी अमलातला. लोखंडी गर्डर, ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचांची तावदानं हे पण साधारण एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं.

छपराचं तर एकदम सोपं आहे. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ च्या सुमारास काढला, त्यामुळे मंगलोरी कौलं दिसली की ते छप्पर त्यानंतरचंच, वाडा भले शंभर वर्षं आधीचा असेल. बऱ्याच कौलांवर मागच्या बाजूला कारखान्याचं नाव असतं, पडलेलं कौल उलटं करून बघा.

वाड्याचा नकाशा स्वतः काढा, चांगला नाही आला तरी चालेल. जुन्या कागदात मोजमाप खणांत असतं, पाच खणी सोपा, सात खणी दिवाणखाना असं, म्हणजे दोन खांबांमधली जागा मोजायची. तुमच्या नकाशावर खण मोजलेले असतील तर उद्या वाटणीपत्रात "पूर्वेकडील तीन खण धाकटे चिरंजीव यांजकडे" असं वाचल्यावर बरोबर बोट ठेवता येतं. देवडी, दिंडी दरवाजा, सदर, माजघर, पोटमाळा, विहीर, परसू, सगळ्यांना नावं द्या. जिथे मोजमाप जुळत नाही, भिंत विनाकारण जाड आहे, खांबांची रांग मधेच तुटते, तिथे काहीतरी बदललेलं आहे, त्या जागेवर प्रश्नचिन्ह करून ठेवा.

मेणवलीच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, वाई परिसरातल्या इतर जुन्या वास्तूंतही अशी चित्रं बघायला मिळतात. तुमच्या वाड्यात चुन्याच्या थराखाली रंग दिसला तर नखाने खरवडून बघू नका, ओलं फडकं अजिबात लावू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा आणि घरच्यांना सांगा की पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी ती भिंत सोडा, कारण अशी कितीतरी चित्रं दिवाळीच्या आधी डिस्टेंपरखाली गेली आहेत.

वस्तूवरची तारीख म्हणजे वाड्याची तारीख नाही

हे मेणवलीत फार छान कळतं. मेणेश्वराच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. आता हे साल बघून कुणी म्हणेल देऊळ १७०७ चं. पण घंटा वसईकडची आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि महाराष्ट्रभर देवळांत लावल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यातलीच. नाना फडणवीसांचा जन्मच १७४२ चा. म्हणजे घंटा ओतली १७०७ ला, मराठ्यांकडे आली १७३९ नंतर आणि मेणवलीत लागली ती गाव नानांकडे आल्यावरच. एका वस्तूच्या तीन तारखा झाल्या आणि तिन्ही खऱ्या.

तुमच्याकडे तोफ असेल, झुंबर असेल, लंडनचं घड्याळ असेल, समईवर कोरलेलं नाव असेल, तर प्रत्येक वेळी हे तीन प्रश्न विचारा, बनलं कधी, या घराण्याकडे आलं कधी, या जागेवर आलं कधी. भांड्यांवरची नावं तर जरूर उतरवून घ्या, त्यात सुनांची माहेरची नावं सापडतात जी वंशावळीत कुठेच नसतात.

शिलालेख असेल तर सोन्याहून पिवळं. लोहगडावर नानांनी बांधलेल्या टाक्यावर शके १७११ आणि बाळाजी जनार्दन फडणीस असं कोरलेलं आहे, शकात ७८ मिळवले की १७८९ येतं. वाचताना चुना, खडू, पीठ काही फासू नका, सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा फोटो काढा किंवा रात्री टॉर्च बाजूने धरा, अक्षरं उठून दिसतात.

तारखांचं गणित शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे

जुन्या मराठी कागदात तीन चार कालगणना एकत्र नांदतात. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. फसली म्हणजे महसुली सन असेल तर आपल्याकडे मृग (जूनची सुरुवात) ते डिसेंबर ५९० आणि जानेवारी ते पुढचा मृग ५९१. आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा तो सुहूर सन, आकड्यांऐवजी अरबी शब्दांनी लिहिलेला, त्यात मृग ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मृग ६०० मिळवायचे.

शब्द एकदा पाठ केले की भीती जाते. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. दशकं म्हणजे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. लहान आकडा आधी येतो. मेणवली गाव नानांना १७६८ च्या डिसेंबरात मिळालं, औंधच्या भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. त्या महिन्यातल्या कागदावर सुहूर सन येईल "तिसा सितैन मया व अलफ", म्हणजे ९ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, झाले ११६९, त्यात ५९९ मिळवले की १७६८. स्पेलिंग कागदागणिक बदलतं त्यामुळे उच्चारावर जा.

तारखेच्या आधी "छ" असेल तर ती चंद्राची तारीख, आणि महिना रजब, साबान, रमजान असा येतो. "पै॥" दिसलं तर ती पैवस्ती, कागद पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यात बरंच अंतर असू शकतं, त्यामुळे कुठली घेतली ते वहीत लिहून ठेवा.

घरातले कागद

माळ्यावर रुमालात बांधलेली बाडं, देवघराच्या फडताळातले कागद, जुन्या पत्र्याच्या ट्रंका, हे सगळं शांतपणे बघायचं. वि. का. राजवाड्यांनी "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" चा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत आणि ती मिळाली वाईतल्याच एका जुन्या घरात. म्हणजे ज्याने अख्ख्या पानिपतचा इतिहास नव्याने लिहावा लागला ते सामान कुणाच्या तरी घरात पडून होतं! आणि आपल्याकडे आजही पितृपक्षाच्या साफसफाईत मोडी लिपीतले कागद रद्दीवाल्याला जातात, बंबात जातात, हे ऐकलं की अक्षरशः पोटात तुटतं. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी असं कुणी म्हणालं तर हात जोडून थांबवा.

कागद हाताळताना हात धुवून कोरडे करा, कसर लागलेला कागद जोर लावून उलगडू नका, मऊ ब्रशने धूळ काढा, उन्हात वाळत घालू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर कधीच नाही, दोन्हीने कागद कायमचा जातो. बाड ज्या क्रमाने बांधलंय तो क्रम मोडायचा नाही कारण कुठला कागद कशासोबत होता यातही माहिती असते, तसेच्या तसे नंबर घालून फोटो काढा, फ्लॅश बंद, बाजूला पट्टी ठेवून, आणि मागची बाजू कोरी दिसली तरी तिचा पण फोटो घ्या कारण पत्ता किंवा शेरा मागे असतो.

मोडी येत नसेल तर दोन रस्ते आहेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडून मोडीचे वर्ग होतात, अक्षरओळख लवकर होते, हात बसायला मात्र वेळ लागतो. नाहीतर मोडी वाचकाकडून पानाप्रमाणे पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या. सगळं बाड द्यायची गरज नाही, आधी शिक्का असलेले, "मोर्तब सूद" (कागदाच्या शेवटची मोहोर) असलेले, आणि वंशावळ, वाटणी, दत्तक, इनाम हे शब्द ओळखू येतील ते कागद वेगळे काढा. लिप्यंतर शब्दाला शब्द हवं, सारांश नको, हे आधीच सांगा.

गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग चुकीच्या ऑफिसात खेटे घालतात. कागद राज्याच्या मागे जातात. १८१८ ला पेशवाई गेली आणि पुण्याचा मुलूख थेट कंपनीकडे गेला, पण वाईचा भाग साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात राहिला, तो इंग्रजांनी खालसा केला १८४८ ला. म्हणजे मेणवलीसाठी १८१८ च्या आधी पेशवे दप्तर, मधली तीस वर्षं सातारा संस्थानचं दप्तर आणि नंतर मुंबई सरकारचे कागद. सांगली, मिरज, जमखंडी, औंध, भोर, फलटण, कोल्हापूर अशा संस्थानांतलं गाव असेल तर १९४८ पर्यंत (कोल्हापूरला १९४९ पर्यंत) संस्थानचंच दप्तर. मराठवाडा असेल तर निजामाचं राज्य, कागद फारसी उर्दूत. गोवा असेल तर पणजीचं पुराभिलेखागार, १५९५ साली सुरू झालेलं, तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत, शिवाय गावकरीचे म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेचे कागद.

पुण्याच्या पुराभिलेखागारात म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथे हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. तिथे थेट जाऊन "अमुक वाड्याचे कागद द्या" म्हटलं तर काही मिळणार नाही, कारण वाडा नावाचं प्रकरणच नसतं. गावाचं नाव, परगणा आणि तर्फ (जुने महसुली विभाग), घराण्याचं आडनाव, पद आणि सालांची रेंज घेऊन जा. सोबत ओळखपत्र आणि अभ्यासाचा विषय लिहिलेला अर्ज. जुनं आडनावही शोधून ठेवा, कारण फडणीस हे पद आहे, नानांचं घराणं मूळचं भानू, कोकणातल्या वेळासचं, आणि वाईच्या रास्त्यांचं मूळ आडनाव गोखले. नुसतं आत्ताचं आडनाव शोधत बसलात तर निम्मे कागद निसटतील.

इनाम असलेल्या घराण्यांसाठी सोन्याची खाण म्हणजे इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला सांगितलं की हक्क सिद्ध करा, मग घराण्यांनी सनदांच्या नकला, वंशावळी, कैफियती सगळं सादर केलं. इंग्रजांचा हेतू सारा वाढवायचा होता आणि अनेक घरं त्यात भरडली गेली, पण त्यामुळे कधी नव्हे ते सगळं एका जागी लिहिलं गेलं. फक्त लक्षात ठेवा की वंशावळ इनाम वाचवण्यासाठी दिलेली आहे, गैरसोयीची शाखा गाळलेली असू शकते. मोठं सरदार घराणं असेल तर दख्खनच्या सरदारांसाठी इंग्रजांनी जो एजंट नेमला होता त्याच्याकडचा पत्रव्यवहार बघा, वारसा आणि कर्जाची भांडणं तिथे भरपूर.

छापील साधनांत आधी गॅझेटियर उघडा, सातारा जिल्ह्याचा जुना खंड १९ वा, १८८५ चा, पुण्याचा १८ वा, इंटरनेटवर फुकट मिळतात. मग गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा, यांच्या सूच्यांत गावाचं नाव शोधा. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो घ्या पण पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून. त्र्यंबकेश्वर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांच्या म्हणजे वंशावळी सांगत फिरणाऱ्यांच्या नोंदी, याही बघण्यासारख्या, वह्यांत आलेल्या माणसाने स्वतः नाव लिहिलेलं असतं.

बांधकामाचा खर्च मिळाला तर मात्र इतर सगळं बाजूला ठेवून तो नीट उतरवा. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली आणि खर्च १६,११० रुपये हे आपण आज सांगतो ते हिशेब टिकले म्हणूनच. लाकूड कुठल्या जंगलातून आलं, चुना कुठे भाजला, गवंड्याला रोज किती, हे एका पानावर मिळालं तर वाडा डोळ्यासमोर बांधला जातोय असं वाटतं.

मेणवलीचे कागद वाड्यात राहिलेले नाहीत हेही सांगायला हवं. नानांचं ते दप्तर "मेणवली दप्तर" म्हणून प्रसिद्ध आहे, साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी त्यावर काम केलं, आणि पारसनीसांचा संग्रह आधी साताऱ्याच्या संग्रहालयात आणि १९३९ ला पुण्यात डेक्कन कॉलेजला गेला. तुमच्या वाड्याचे कागद पण असेच कुणा संशोधकाने, वकिलाने, जावयाने नेलेले असू शकतात, त्यामुळे "आमच्याकडे काही नाही" या उत्तरावर थांबू नका, नेले कुणी ते विचारा.

महसूल खात्याचे कागद

गावठाणातल्या वाड्याचा सातबारा बहुतेक नसतो हे आधी समजून घ्या. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. वाड्याच्या शेतजमिनींचे मात्र सातबारे, फेरफार, त्याआधीचं कडईपत्रक, सूडपत्रक असं मागे मागे जाता येतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून आणि भूमी अभिलेखमधून नकला मिळतात, बऱ्याच जिल्ह्यांचे जुने उतारे आपले अभिलेख या सरकारी साइटवर स्कॅन करून ठेवलेत. फेरफार वाचायला कंटाळवाणे पण मयत कोण झालं, वारस कोण लागले, दत्तक कधी घेतला, बहिणींनी हक्क कधी सोडला हे तारखेनिशी तिथेच कळतं.

बायका आणि पडता काळ वगळू नका

वाड्यांच्या इतिहासात कर्तृत्ववान पुरुषापाशी गोष्ट थांबते. मेणवलीत १३ मार्च १८०० ला नाना गेले आणि खरी गोष्ट तिथून पुढे आहे. दुसऱ्या बाजीरावाने मालमत्ता जप्त केली, नानांची अल्पवयीन विधवा जिऊबाई लोहगडाच्या आसऱ्याला गेली, पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मध्ये पडला, तिला १२ हजारांची वार्षिक नेमणूक म्हणजे तनखा ठरला आणि १८०४ ला मेणवली परत मिळाली. वाडा आज नानांच्या नावाने ओळखला जातो पण तो घराण्याच्या हातात राहिला तो या पोरवयातल्या बाईमुळे, आणि पुढचा वंश दत्तकाने चालला. तुमच्या वाड्यातही अशी एखादी विधवा, एखादी सून नक्की असेल जिने कज्जे लढून घर टिकवलं. तिचं नाव शोधून काढा, कागदात "मातोश्री" एवढंच लिहिलेलं असलं तरी.

विसाव्या शतकाचं पण तसंच. १९४८ ला गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात अनेक ब्राह्मण घरांची जाळपोळ झाली आणि त्यात दप्तरंही गेली. त्याच वर्षीचा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, मधे व्यक्तिगत इनामं रद्द, वाड्याला पोसणारं उत्पन्न थांबलं आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली. या दोन्ही गोष्टी लिहा, कुळाच्या घरची पण बाजू ऐका, त्यांच्यासाठी तो दिवस सणाचा होता. मग साताऱ्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, यात कुठला मजला उतरवला, कुठली भिंत गेली हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांना या वर्षीच भेटून घ्या, हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

लिहिताना

प्रत्येक वाक्यापुढे तुमच्या वहीत लिहा की हे कागदावरून, हे बांधकामावरून, की हे ऐकीव. दंतकथा टाकून देऊ नका, "घरात असं सांगतात" म्हणून स्वच्छ लिहा. चोरवाट म्हणतात ती आधी तळघर, धान्याचं पेव किंवा पाण्याचा निचरा आहे का ते तपासा. दोन साधनं जुळत नसतील तर दोन्ही द्या, आवडेल ते निवडू नका. मेणवलीसारखा वाडा खासगी मालमत्ता आहे, बघायला मिळतो म्हणजे कुठेही शिरायचा हक्क नाही, जिथे कुणी राहतं तिथले फोटो, मौल्यवान वस्तूंच्या जागा, सध्याच्या वाटण्या काहीही छापू नका.

आणि लिहून झालं की एक प्रत घरच्यांना, एक गावच्या वाचनालयात, फोटोंचा एक संच पेन ड्राइव्हवर घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे द्या. मूळ कागद सांभाळणं घरच्यांना जमत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळचं पुराभिलेखागार यांच्याशी बोला, पण देताना यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि त्या यादीची झेरॉक्स वाड्यातच देवघराच्या फडताळात ठेवा, पन्नास वर्षांनी कुणी शोधत आलं तर कागद कुठे गेले ते त्याला तिथेच कळेल.